वाचक विचारतात : वॉरंटी वाढवून घेऊ का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघंही नोकरी करतो. माझी जिल्हा परिषदेची शाळा बार्शीपासून २२ किलोमीटरवर आहे. यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा क्लच दाबायला नको म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतली. टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, साडेतेरा लाखांना पडली. तिची ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी पुढच्या महिन्याच्या १९ तारखेला संपते. गाडी ३४,००० किलोमीटर चालली आहे. चौथ्या-पाचव्या वर्षाचे २७,८०० रुपये भरा म्हणून शोरूमचा आठवड्यातून दोनदा फोन येतो. गाडी घेताना याच दोन वर्षांचे १९,००० सांगत होते. हे म्हणतात, विमा भरतोच आहोत, मग हे कशाला? त्यापेक्षा आरडी काढू. माझा भाऊ म्हणतो, डोळे मिटून घे. गेल्या उन्हाळ्यात एसीचा गॅस गावातल्या गॅरेजमध्ये भरला होता. त्यामुळे वॉरंटी आधीच गेली असेल का? काय करावं?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या गाडीसाठी घ्या, आणि १९ तारखेच्या आत घ्या. फक्त डोळे मिटून घेऊ नका. का घ्यायची ते नीट सांगतो, म्हणजे सही करताना कुठे बोट ठेवून विचारायचं तेही कळेल.

सांगलीत माझं गॅरेज आहे, त्याला २३ वर्षं झाली. त्याआधी सात वर्षं मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला होतो आणि त्यातली शेवटची चार वर्षं वॉरंटीचे क्लेम भरायच्या टेबलावर होतो. खराब पार्ट काढून आणला की त्याला टॅग बांधायचा, फोटो काढायचे, चासी नंबर, किलोमीटर, आधीच्या सर्व्हिसच्या तारखा लिहायच्या आणि कंपनीला पाठवायचं. मंजूर की नामंजूर ते तिकडून यायचं. गिऱ्हाइकाला सांगायचं काम माझं. त्यामुळे या कागदाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

आधी तुमच्या मिस्टरांची शंका, कारण ती मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. विमा आणि वॉरंटी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली, तिच्यावर झाड पडलं, तर विमा. गाडी धड चालत असताना आतला एखादा पार्ट बनावटीतल्या दोषाने निकामी झाला, तर वॉरंटी. टायर, ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, ऑइल हे झिजणारच, ते आपल्या खिशातून.

आणि काही गोष्टी दोन्हीच्या मधून खाली पडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर माझ्या दारात गाड्यांची रांग लागली होती. त्यातलं एक इंजिन खोललं, तर चारपैकी दोन कनेक्टिंग रॉड धनुष्यासारखे वाकलेले. सिलिंडरमध्ये पाणी गेलं होतं आणि मालकाने 'बघू तरी चालू होते का' म्हणून स्टार्टर मारला होता. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. त्या गाडीला वाढीव वॉरंटी होती, पण पाणी बाहेरून आलेलं, गाडीच्या बनावटीत दोष नव्हता. विमा कंपनीने आतली साफसफाई, सीट, कारपेट यांचे पैसे दिले. इंजिनाचे दिले नाहीत, कारण पाण्यात स्टार्टर मारल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी विमा घेतानाच 'इंजिन प्रोटेक्ट'चं जादा कलम घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, आजच बघा. आणि असलं तरी पाण्यात बंद पडलेल्या गाडीला परत किल्ली लावू नका, टो करून आणा.

आता तुमची गाडी. ड्युअल क्लच म्हणजे एका गिअरबॉक्सला दोन क्लच. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, म्हणून गाडी लोण्यासारखी पळते. हे सगळं करायला आत मेकॅट्रॉनिक नावाचा एक भाग असतो. तेलाच्या दाबावर चालणारे बारीक व्हॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर, एकाच डब्यात. तो बिघडला की बहुतेक वेळा अख्खाच बदलतात, आणि तशी जी बिलं मी पाहिली त्यातलं एकही लाखाच्या खाली नव्हतं. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, गेला तर पन्नास हजारांच्या पुढे. पॉवर स्टिअरिंगचा रॅक, एसीचा कॉम्प्रेसर, मधली स्क्रीन हे प्रत्येकी पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होतात. यातलं काही होईलच असं मी म्हणत नाही. तुमचा गिअरबॉक्स दीड लाख किलोमीटर विनातक्रार चालेलही. पण २७,८०० म्हणजे महिन्याला साधारण १,१६० रुपये. दोन वर्षं तेवढ्याची आरडी केली, तरी शेवटी हातात येणारी रक्कम यातल्या एका मोठ्या बिलाच्या जवळपासही जात नाही.

आरडीचा हिशेब चुकीचा नाही, तो वेगळ्या गाडीचा आहे. माझ्या धाकट्या बहिणीकडे साधी १२०० सीसीची पेट्रोल गाडी आहे. हाताने गिअर, टर्बो नाही, वर्षाला सहा हजार किलोमीटर. तिला मी वॉरंटी वाढवू दिली नाही, पैसे पोस्टात ठेवायला लावले. पुढच्या चार वर्षांत एक अल्टरनेटर आणि एक खिडकीची मोटर लागली, दोन्ही मिळून बारा हजारांच्या आत. त्या गाडीत महाग मोडेल असं फार काही नाहीच. गाडी जितकी साधी, तितकी आरडी बरी. तुमची गाडी साधी नाही.

तुमच्या रस्त्याचाही विचार केला. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागून चालावं लागत असेल. तो ट्रॅक्टर पुढे सरकला की आपणही चार हात सरकायचं, परत थांबायचं, परत सरकायचं. तुम्ही क्लच दाबत नाही, पण गाडी आतल्या आत पूर्णवेळ हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट लागलेल्या अवस्थेत असते आणि क्लच तापत राहतो. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एकदम सरका. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबून धरा. या दोन सवयींनी गिअरबॉक्सचं आयुष्य खरोखर वाढतं.

याच क्लचवर तुम्ही शोरूमला पहिला प्रश्न विचारायचा आहे. वॉरंटीच्या कागदात क्लच प्लेट 'झिजणारा भाग' म्हणून वगळलेली असते. साध्या गाडीत ते रास्त आहे, तिथे क्लच माणसाच्या पायावर अवलंबून असतो. पण ड्युअल क्लचमधला क्लचचा संच हा गिअरबॉक्सचाच भाग धरणार की झिजणारा भाग म्हणून बाजूला काढणार? आणि मेकॅट्रॉनिक कव्हर आहे का? फोनवर 'हो मॅडम, सगळं कव्हर आहे' असं उत्तर येईल. त्यावर थांबू नका. हेच दोन प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मेकॅट्रॉनिक नाही असं लेखी आलं, तर माझं वरचं 'घ्या' मी मागे घेतो. मग आरडीच काढा.

दुसरं, ही वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे, की शोरूमने बाहेरच्या एखाद्या संस्थेशी करार करून स्वतः विकायला ठेवली आहे? सर्टिफिकेटवर वरती कोणाचं नाव आहे ते बघा. कंपनीची असेल तर पैसे भरल्यावर काही दिवसांत तुमच्या चासी नंबरसमोर कंपनीच्या ॲपवर नवी तारीख दिसायला हवी, आणि देशातल्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला ती चालायला हवी. बाहेरची असेल तर एका क्लेमला किती रकमेची मर्यादा आहे, मजुरी धरली आहे का, दुरुस्तीचे पैसे आधी तुम्ही भरायचे का, हे सगळं निघतं. तुमच्यासारख्या गाडीला कंपनीचीच घ्या. पाच वर्षांत गाडी विकायची झाली तर ती नव्या मालकाच्या नावावर होते का तेही विचारा. होत असेल तर विकताना चार पैसे जास्त येतात.

किमतीचं म्हणाल, तर गाडी नवी असताना ही वॉरंटी स्वस्त असते आणि मूळ मुदत संपत येते तशी महाग होत जाते, तुम्ही ते अनुभवलंच. काही कंपन्या मुदत संपल्यावरही गाडी तपासून देतात, पण तेव्हा भाव आणखी वाढतो. तुमचं ३ वर्षांचं चालणं ३४,००० आहे, म्हणजे पाचव्या वर्षाअखेर साधारण ५७,०००. जास्त किलोमीटरच्या पॅकेजला जादा पैसे सांगत असतील तर ते घेऊ नका. सोलापूरच्या दुसऱ्या शोरूमलाही भाव विचारा. सोबत रंगावरचं कोटिंग, गाडीच्या पोटाला अंडरबॉडीचा थर असं काही जोडून सांगितलं तर वॉरंटीचं बिल वेगळं मागा.

एसीच्या गॅसची काळजी करू नका. एक काम बाहेर केलं म्हणून अख्खी वॉरंटी जात नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला होता. माझ्यासारख्या बाहेरच्या गॅरेजना पार्ट आणि माहिती मिळू द्यायची नाही, हा त्यातला मुद्दा होता, आणि बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द अशी सरसकट अट घालू नका असंही आयोगाने बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. कंपनी आजही एवढं म्हणू शकते की बाहेरच्या कामामुळेच अमुक पार्ट बिघडला, म्हणून तो पार्ट देत नाही. म्हणजे उद्या तुमचा एसी कॉम्प्रेसर गेला तर त्या गॅस भरण्याकडे बोट दाखवलं जाईल. गिअरबॉक्सचा त्याच्याशी संबंध नाही. गावातल्या गॅरेजचं बिल असेल तर जपून ठेवा. वायरिंग मात्र बाहेर कापू देऊ नका. हॉर्नचा रिले, जादा दिवे, नवा म्युझिक सिस्टिम यासाठी मूळ वायर सोलून जोड मारला की इलेक्ट्रिकलचा कुठलाही क्लेम नाकारायला तेवढं पुरतं.

मी स्वतः बाहेरचा गॅरेजवाला असून सांगतो, वॉरंटी घेतलीत तर ही दोन वर्षं सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा, आणि वेळेवर करा. त्याचं कारण एक माणूस आहे.

क्लेमच्या टेबलावर असताना एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले होते. डिझेल गाडी, टर्बो गेलेला, शिट्टीसारखा आवाज आणि मागे निळा धूर. वाढीव वॉरंटी पैसे भरून घेतलेली, मुदत शिल्लक. मी सर्व्हिस बुक उघडलं. पहिल्या दोन चौकटीत शिक्के, तिसरी चौकट कोरी, चौथीत शिक्का. मध्ये १९,००० किलोमीटरची फट. ते म्हणाले, "त्या वेळी मुलीचं लग्न होतं साहेब, सर्व्हिसला यायला जमलं नाही. पण ऑइल मी स्वतः बदललं. तीस वर्षं गाडी चालवली, ऑइलशिवाय चालवीन होय?" मी डिपस्टिक ओढून बघितली. ऑइलमध्ये गाळ नव्हता. माणूस खरं बोलत होता. पण त्या ऑइलचं बिल त्यांच्याकडे नव्हतं. मी क्लेमसोबत चिठ्ठी जोडली, डिपस्टिकचा फोटो जोडला. तिसऱ्या दिवशी नामंजूर होऊन आला. त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. वॉरंटीचा कागद टेबलावरून उचलला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. टर्बोचे पैसे त्यांनी दोन हप्त्यांत भरले. त्यानंतर मी माझ्या गॅरेजमध्ये ५० रुपयांच्या बल्बचंसुद्धा छापील बिल देतो, त्यावर गाडीचा नंबर आणि किलोमीटर टाकून.

तेव्हा ताई, आज संध्याकाळी तुमचं सर्व्हिस बुक काढा आणि तिन्ही वर्षांचे शिक्के, तारखा, किलोमीटर बघा. एखादी फट असेल तर पैसे भरण्याआधी शोरूमला ती दाखवा आणि 'यामुळे क्लेम अडणार नाही' असं लेखी घ्या. देत नसतील तर तेव्हाच कळलेलं बरं.

आणि एक काम वॉरंटी घ्या न घ्या, १९ तारखेच्या आत कराच. तुमची मूळ वॉरंटी अजून जिवंत आहे. पुढचे चार-पाच दिवस शाळेत जाता-येता गाडीकडे लक्ष द्या आणि वहीत टिपा. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकल्यावर धक्का बसतो का, दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट्-कट् येतं का, एसी थांबून-थांबून गार करतो का, स्क्रीन अडकते का. मग सर्व्हिस सेंटरला गाडी न्या आणि प्रत्येक तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना ते कामाचा जो कागद करतात त्यावर, लिहून घ्या. 'हे नॉर्मल आहे' म्हणाले तरी लिहा म्हणा. गिअरबॉक्सचं नवं सॉफ्टवेअर आलं असेल तर तेही टाकून मागा. जॉब कार्डची प्रत घरी आणा. मुदतीत नोंदवलेली तक्रार पुढे वाढली, तर ती नवीन आहे असं कोणी म्हणू शकत नाही.

कधी क्लेम नाकारलाच, तर तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, कारण लिहून मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. त्यानेही हललं नाही तर सोलापूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं, वकील लावलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न : माझी मारुती मे २०२४ मध्ये घेतलेली. पुस्तिकेत वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर लिहिली आहे. शेजाऱ्यांनी तेच मॉडेल त्याच वर्षी दिवाळीत घेतलं, त्यांना ३ वर्षं. माझ्या पुस्तिकेत छपाईची चूक आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : चूक नाही. कंपनीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी वाढवून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, ती त्यानंतर ताब्यात दिलेल्या गाड्यांना. तुमची आधीची, म्हणून तुम्हाला जुनी मुदत. मुदत नेहमी स्वतःच्या पुस्तिकेवरून मोजा, शेजाऱ्यांच्या नव्हे. वर दिलेला तक्रारी लिहून घेण्याचा सल्ला तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे सात वर्षांची, ८२,००० चाललेली डिझेल गाडी बघितली. १२,००० जादा दिले तर 'एक वर्षाची इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी' देतो म्हणतात. घ्यावी का?
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : दादा, नको. सात वर्षांच्या डिझेल गाडीत त्रास सहसा इंजिनाच्या बाहेर लटकलेल्या गोष्टी देतात. इंजेक्टर, डिझेलचा पंप, टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप). 'इंजिन-गिअरबॉक्स' म्हटलं की कागदावर बहुतेक आतले, तेलात बुडालेले भाग असतात आणि ही नावं यादीत नसतात. कागद मागा, ही चार नावं शोधा. चारही असतील तर मला परत लिहा, माझं मत मी बदलीन.

त्या १२,००० मधले दोन-अडीच हजार गाडी घेण्याआधी खर्च करा. विश्वासातला फिटर घेऊन सकाळी जा, इंजिन थंड असताना. आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका असं डीलरला सांगून ठेवा. बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर तुमच्या आधी कोणीतरी ती चालू केली आहे, परत दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या किल्लीत लागतं का, किती धूर येतो, ऑइलचं झाकण काढल्यावर तिथून फुसफुस वाफ येते का ते बघा. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनर लावा आणि गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. मीटरवर ८२,००० आणि तीन वर्षांपूर्वीच्या जॉब कार्डवर ९५,००० असं मी दोनदा पाहिलं आहे. डीलर गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायला नाही म्हणाला, तर ती गाडी सोडा. द्राक्षाचा हंगाम आटोपेपर्यंत दुसरी मिळेल.